चार्ज म्हणजे नक्की काय? बॅटरीचा, पोलिसांचा आणि तुमच्या खात्यावरचा

आज दिवसभरात 'चार्ज' हा शब्द किती वेळा कानावर पडतो ते एकदा मोजून बघा. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या एका साध्या दिवसाचे नमुने मी देतो. सकाळी घरातून आवाज येतो, "मोबाईल चार्जिंगले लाव रे, लाईन जाईन आता." शाळेत हेडमास्तर रिटायर झालेले असतात, त्यामुळे 'चार्ज' सध्या दुसऱ्या मॅडमकडे. ग्रामसेवक भेटत नाहीत, कारण त्यांच्याकडे आणखी दोन गावांचा 'ॲडिशनल चार्ज'. सेतू केंद्रावर अर्ज भरायचे पैसे वेगळे आणि प्रिंटचा 'चार्ज' वेगळा. दवाखान्यातून फोन येतो की आबाजींना उद्या 'डिस्चार्ज'. पेपरात बातमी असते की मोर्चावर 'सौम्य लाठीचार्ज' झाला. (लाठी सौम्य कशी असते, हे ज्याच्या पाठीवर पडली त्यालाच विचारा.) आणि रात्री मोबाईलवर एखादं ॲप इंग्रजीत सांगतं, 'यू विल बी चार्ज्ड'.

शब्द एकच. पण एका ठिकाणी त्याचा अर्थ वीज, दुसरीकडे खुर्ची, तिसरीकडे पैसे, चौथीकडे आरोप आणि पाचवीकडे हल्ला. आपण डोकं न खाजवता यातला बरोबर अर्थ उचलतो. मात्र त्या शेवटच्या इंग्रजी वाक्याशी आलं की अनेकांचं गणित चुकतं, आणि तिथं चुकलं की खात्यातून पैसे जातात. म्हणून आज या एका शब्दाची पूर्ण कुंडली काढू.

सगळी सुरुवात बंडीपासून

आपल्या वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. 'चार्ज'चा जन्मही गाडीतूनच झाला आहे. आज जिथे फ्रान्स आहे, त्या भागातले जुने लोक चाकाच्या गाडीला जो शब्द वापरायचे, तो रोमन लोकांनी लॅटिनमध्ये उचलला: 'कारुस', म्हणजे माल वाहायची गाडी. त्यावरून पुढे 'कारिकारे' हे क्रियापद झालं. अर्थ एकदम साधा, गाडीत माल भरणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं रूप बदलून 'शार्जे'सारखं झालं आणि इसवी सन १२०० च्या आसपास ते इंग्रजीत 'चार्ज' म्हणून पोचलं. तेव्हा त्याचा अर्थ एकच होता: ओझं, किंवा ओझं लादणे.

म्हणजे दसऱ्यानंतर आपण सोयाबीनचे कट्टे बंडीत, आता खरं तर पिकअपमध्ये, टाकून बाजार समितीत नेतो ना, ते मूळ अर्थानं 'चार्ज करणं' आहे. आणि मार्केटमध्ये कट्टे उतरवले की तो 'डिस्चार्ज'.

त्याच 'कारुस'ची बाकीची पोरंही तुमच्या ओळखीची आहेत. 'कार' त्यातलीच. 'कॅरी' त्यातलाच, म्हणजे कॅरीबॅगसुद्धा. 'कार्गो' हा शब्द स्पॅनिशमधून फिरून आला. 'करिअर' म्हणजे मुळात गाड्या धावायचा रस्ता. व्यंगचित्राला 'कॅरिकेचर' म्हणतात, त्याचा इटालियन अर्थ आहे जास्तीचा भार टाकणे, म्हणजे नाक जरा जास्तच मोठं काढणे! आणि एक गंमत: भाषेचे अभ्यासक 'कारुस'चं मूळ 'धावणे' या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूत शोधतात. लॅटिनमधलं धावण्याचं क्रियापदही त्याच धातूचं, आणि त्यावरून आला 'करंट'. म्हणजे चार्ज आणि करंट हे विजेच्या तारेत भेटायच्या आधीपासूनचे चुलतभाऊ आहेत.

ओझं लादून गावोगाव नेणं हा आपल्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या समाजाचा पिढीजात धंदा होता. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी तुम्हाला माहीत असेलच, बंजारा समाजाची काशी. रेल्वे येण्याआधी बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचे, फौजांनासुद्धा रसद पुरवायचे. या व्यापाराला त्यांच्या भाषेत 'लदेणी' म्हणतात. लादणे, लदेणी, आणि तिकडे युरोपात चार्ज. कल्पना एकच, फक्त तिकडे गाडी होती आणि इकडे बैलाची पाठ. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्के रस्ते आले आणि लदेणी संपत गेली. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तिकडे गेलात तर हा शब्द डोक्यात ठेवून बघा.

गाडीवरचं ओझं माणसावर आलं

शब्दांची एक खोड असते. आधी ते वस्तूबद्दल बोलतात, मग माणसाबद्दल बोलायला लागतात. गाडीवर ओझं टाकता येतं, तसं माणसावरही टाकता येतं. जबाबदारीचं ओझं टाकलं की झाला हेडमास्तरांचा चार्ज. पैशाचं ओझं टाकलं की झाला प्रिंटचा चार्ज. गुन्ह्याचं ओझं टाकलं की झाली चार्जशीट. तीन वेगळे अर्थ वाटतात, पण तिन्हीत कुणीतरी कुणाच्या तरी पाठीवर काहीतरी ठेवतंय.

जनगणनेच्या कामातही हा शब्द त्याच जुन्या अर्थानं टिकून आहे. तिथे कामासाठी पाडलेल्या भागालाच 'चार्ज' म्हणतात, आणि तालुक्याचे तहसीलदार त्या कामापुरते 'चार्ज ऑफिसर' असतात. म्हणजे रिसोड किंवा मालेगावच्या तहसीलदारांकडे अख्ख्या तालुक्याची डोकी मोजायचा भार.

लाठीचार्जचं काय? ती वाट बंदुकीवरून आणि घोड्यावरून जाते. तोफेत किंवा बंदुकीत दारू ठासणे म्हणजे ती 'चार्ज' करणे, कारण तेही भरणंच. भाला किंवा हत्यार रोखून, घोड्यासकट शत्रूवर तुटून पडणे यालाही सोळाव्या शतकात चार्ज म्हणायला लागले. इंग्रजांच्या फौजेतून तो शब्द आपल्या पोलिसांकडे आला आणि त्याला इथली लाठी जोडली गेली. अर्धा देशी अर्धा इंग्रजी असा हा जोडशब्द पुढे इंग्रजीच्या डिक्शनरीतही जाऊन बसला.

मग यात वीज कुठून घुसली?

तोफेतूनच. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात एक काचेची बरणी फार गाजली. तिला लायडन जार म्हणतात, लायडन हे नेदरलँड्समधलं गाव. काचेच्या आत आणि बाहेर धातू, आणि घर्षणातून तयार केलेली वीज त्यात साठवता यायची. हात लावला की सणसणीत झटका. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या बरणीवर प्रयोग करत होता. १७४७ पासूनच्या त्याच्या पत्रांत बरणीत वीज भरण्याला 'चार्ज' आणि झटक्यानं सोडण्याला 'डिस्चार्ज' म्हटलेलं दिसतं. बंदूक जशी ठासायची आणि उडवायची, तशी बरणी. प्लस आणि मायनस हे विजेचे शब्दही त्यानंच रुळवले.

पुढे त्यानं अशा ११ काचांची एक रांग एकमेकांना जोडली आणि तिला नाव दिलं 'इलेक्ट्रिकल बॅटरी'. तेव्हा 'बॅटरी' म्हणजे तोफांची रांग! फ्रेंचमध्ये 'बात्र' म्हणजे बडवणे, झोडपणे, त्यावरून आलेला हा शब्द. आपल्या खेड्यात आजही टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात, 'रात्री ओलिताले जातानी बॅटरी घेऊन जाय'. त्या शब्दात तोफखाना लपलाय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पण मोबाईलमध्ये खरंच काही 'भरतं' का?

हा माझा आवडता भाग आहे, कारण इथे शब्द आपल्याला थोडा फसवतो. ड्रममध्ये पाणी भरावं तशी मोबाईलमध्ये वीज भरते, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. चार्जरमधून जितके इलेक्ट्रॉन एका टोकानं बॅटरीत जातात, तितकेच दुसऱ्या टोकानं बाहेर पडतात. १ टक्का असो की १०० टक्के, बॅटरीतला एकूण विद्युत प्रभार शून्यच असतो. मग भरतं काय? ऊर्जा. आतले लिथियमचे आयन एका बाजूच्या थरातून निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाईटमध्ये जाऊन बसतात. त्यांना तिथे ढकलायला जी ऊर्जा लागते ती साठून राहते. तुम्ही रील बघता तेव्हा ते परत आपल्या जागी येतात आणि ती ऊर्जा सोडतात. टेकडीवर दगड चढवून ठेवावा, तसा प्रकार. या बॅटरीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता खोक्यावरचा आकडा बघा, ५००० एमएएच. हा आकडा मात्र खरोखर 'चार्ज'चाच आहे: पूर्ण भरलेली बॅटरी रिकामी होईपर्यंत तारेतून किती प्रभार वाहून जाईल, याचा. शाळेतल्या एककात सांगायचं तर १८,००० कुलोम. ऊर्जा काढायची तर त्याला व्होल्टेजनं गुणायचं. साधारण ३.८५ व्होल्ट धरले तर सुमारे १९ वॅट-अवर होतात. महावितरणचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर. चार्जर गरम होण्यात थोडी वाया जाते, ती धरून एका युनिटमध्ये असा फोन अंदाजे ४० वेळा भरेल. युनिटला १० रुपये धरले तरी एका चार्जिंगचा चार्ज झाला २५ पैसे. म्हणून पाहुण्यानं चार्जर लावला तर तोंड वाकडं करू नका.

आणि फोन जड होतो का? होतो! ऊर्जेलाही वस्तुमान असतं, आइनस्टाईनच्या सूत्रानं हिशेब केला तर पूर्ण चार्ज झालेला असा फोन ग्रॅमच्या एक अब्जाव्या भागापेक्षाही थोडा कमी इतका जड होतो. कोणत्याच काट्यावर दिसणार नाही, पण ओझं वाढतं हे खरं.

मराठीनं हेच आधीच करून ठेवलंय

इंग्रजीची ही कहाणी वाचताना माझं लक्ष सारखं आपल्या 'भार' या शब्दाकडे जात होतं. विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रिक चार्ज म्हणजे 'विद्युत प्रभार'. चार्जवर असलेला अधिकारी म्हणजे 'प्रभारी'. चार्ज घेणे म्हणजे 'पदभार स्वीकारणे', ॲडिशनल चार्ज म्हणजे 'अतिरिक्त कार्यभार'. लोडशेडिंगला सरकारी नाव 'भारनियमन'. संस्कृतात 'भृ' म्हणजे वाहून नेणे, त्यातून भार आला, आणि आपलं 'भरणे'ही त्याच घरातलं. म्हणून आपण पाणी भरतो, बिल भरतो, फॉर्म भरतो आणि नुकसानभरपाई मागतो. विहिरीचं 'पुनर्भरण' म्हणजे इंग्रजीतलं रिचार्जच. एखादी गोष्ट 'लय भारी' आहे म्हणतो, तेही मूळचं जड या अर्थाचं. आणि 'साडी भारी आहे' म्हटलं की महाग! गावातला जाणता माणूस लिंबू 'भारून' देतो, ते तर सरळ सरळ चार्जिंग झालं.

मार्केट यार्डातली 'हमाली' घ्या. अरबीत 'हम्ल' म्हणजे ओझं, ते वाहणारा तो हमाल, आणि वाहायचा मोबदला ती हमाली. ओझ्यापासून पैशापर्यंतचा जो प्रवास 'चार्ज'नं केला, तोच या शब्दानंही केला.

रिचार्ज आणि 'चार्ज्ड': इथे पाय घसरतो

आता मुद्द्याची गोष्ट. माझा एक मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. त्यानं सराव परीक्षांचं एक ॲप घेतलं, सात दिवस ट्रायल, फक्त १ रुपया. ॲप चांगलं होतं म्हणे. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की सात दिवसांनंतर 'यू विल बी चार्ज्ड', आणि पुढे आकडा, ४९९ रुपये. त्यानं वाचलं होतं, हे महत्त्वाचं. न वाचता ओके दाबणारातला तो नाही. पण त्याला वाटलं, सात दिवसांनी ४९९ चा प्लॅन 'चार्ज होईल', म्हणजे चालू होईल, आणि पाहिजे असेल तर आपण पैसे भरू. आठव्या दिवशी बँकेचा मेसेज आला. मेसचे पैसे गेले, तो महिना त्यानं मित्राच्या डब्यावर काढला.

पोरगं अडाणी नाही. गडबड कुठे झाली ते बघा. आपल्या पिढीनं हा शब्द शिकला तो 'रिचार्ज'मधून. रिचार्ज केला की आपल्याला काहीतरी मिळतं: डेटा मिळतो, बॅलन्स येतो. फोन चार्ज झाला की तोही भरतो, म्हणजे फायदाच. त्यामुळे 'चार्ज' म्हटलं की आपल्या मनात काहीतरी भरल्याचं चित्र येतं. पण 'यू विल बी चार्ज्ड' या वाक्यात भरली जाणारी बंडी म्हणजे तुम्ही. ओझं तुमच्यावर टाकलं जाणार आहे आणि टाकणारा कोण, ते वाक्यात सांगितलेलंच नाही. माझ्या मते अशी वाक्यं मराठीत सरळ लिहायला ॲपवाल्यांना काहीच अडचण नसावी: 'तुमच्या खात्यातून अमुक तारखेला ४९९ रुपये कापले जातील.' जाहिरात मराठीत करता येते, तर हेही येईल.

ट्रायलचा तो १ रुपया देताना यूपीआय पिन टाकला, तेव्हाच पुढच्या कपातीची परवानगीही दिली गेली होती. याला ऑटोपे किंवा मँडेट म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी कपात होण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. ती सूचना बहुतेक वेळा ऑफरच्या मेसेजमध्ये हरवते. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट्स' नावाची यादी असते, ती आजच उघडून बघा, नको असलेलं तिथूनच रद्द करता येतं. प्ले स्टोअरमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन असेल तर तिथे आपल्या फोटोवर टॅप करून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा. नुसतं ॲप काढून टाकल्यानं कपात थांबत नाही. मामेभावानं आधी तेच केलं होतं.

जे चार्ज मुळात नसतातच

काही ओझी तर बनावटच असतात. बस स्टँडवर थंड बाटलीचे छापील किमतीपेक्षा २ रुपये जास्त घेतात, 'कूलिंग चार्ज'. पॅकबंद मालाला दुकानदारानं एमआरपीपेक्षा जास्त घेणं नियमात बसत नाही. आपल्या बँक खात्यातून यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना तो 'यूपीआयचा चार्ज' मागत असेल, तर सांगा की अशा पेमेंटवर दुकानदारालाही १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे.

कर्जाच्या ॲपचं जास्त गंभीर आहे. 'आधी प्रोसेसिंग चार्ज भरा, मग लोन येईल' असं व्हॉट्सॲपवर कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. नियमानं चालणाऱ्या कंपनीला डिजिटल कर्ज देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात सगळे चार्जेस लिहिलेले असतात, आणि जो त्यात नाही तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस येऊन 'तुमच्यावर चार्जेस लागलेत, डिजिटल अरेस्ट आहे' म्हणाला तर? आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार नाही. चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र, पोलीस तपास संपल्यावर कोर्टात दाखल करतात. 'चार्ज' ठेवायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. तो पैसे पाठवून उतरवता येत नाही. असा कॉल कापा, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर तक्रार जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवून ठेवली जाण्याची शक्यता जास्त असते.